पाव्हण्याले सांग, गाडी गरम होऊन राह्यली

मामी, आज मध्ये सुनंदा नाही. जे बोलायचं ते मी सरळ तुमच्याशीच बोलतो आहे. तुम्ही असता तर पदर पुढे ओढून आत निघून गेला असता, आणि चुलीपासून आवाज आला असता, "सुनंदे, पाव्हण्याले विचार, तब्येत बरी आहे ना त्यांची?" परवा तुमची तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडव निघाला, भाड्याची भांडी परत गेली. जीप अंगणात निंबाखाली उभी आहे. तिच्या स्टिअरिंगमागे मी बसलो आहे आणि तुमची जागा रिकामी आहे. आता तुम्हाला उठून आत जाता येणार नाही. ऐकूनच घ्यावं लागेल.

मी तुमचा थोरला जावई. पण तुमच्या माहेरी सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. तुमची आई मामाजींशी जन्मात एक शब्द बोलली नाही म्हणे, आणि तोच वसा तुम्ही माझ्याशी पाळलात. बोलायचं ते तुमच्या लेकीला, सुनंदाला सांगायचं, आणि मी दोन हातांवर बसलेलो असलो तरी तिनं ते मला पुन्हा सांगायचं. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मला याचं हसू आलं होतं. माझी आई बाभुळगावच्या बाजारात भाजी विकायची. तिच्या घशाला असली बंधनं कुठून असणार! पुढं मलाही सवय लागली. सवय लागली की माणूस तिला रीत म्हणतो आणि मोकळा होतो.

मामाजी गेले तेव्हा तुमच्यामागे कोरडवाहू पऱ्हाटीचं, कपाशीचं वावर, लग्नाची धाकटी लेक संगीता आणि ही जीप राहिली. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकलेला, बाभुळगावात दुसऱ्याच्या गॅरेजवर काळे हात करत होतो. तुमचा निरोप सुनंदानं आणला: "पाव्हण्याले सांग, जीप उभ्या उभ्या सडून राह्यली." एवढंच. या म्हणाला नाहीत, नका येऊ म्हणाला नाहीत. मी आलो. घाटंजी-यवतमाळ सवारी भरू लागलो. गावानं घरजावई म्हणून घेतलं. बायकोला तिच्या आईजवळ एकटं सोडलं असतं तरी म्हणालेच असते. लोक घोड्यावरही बसू देत नाहीत आणि पायीही चालू देत नाहीत.

ती वर्षं आठवतात ना? कापूस घरात आला की आनंद व्हायचा सोडून माणसं आढ्याकडे बघत बसायची. भाव नाही म्हणून कापूस विकायचा नाही, आणि कापूस विकला नाही म्हणून बाजारात जायचं नाही. बाजारात जाणं नाही तर माझ्या जीपमध्ये सवारी कुठली? लोक कपाशीला नशीब म्हणायचे. मी रेडिएटरला म्हणायचो. बोंडात काय घडतं ते माझ्या हातात नव्हतं, पण बॉनेटखाली काय घडतं ते असायला हवं होतं.

तुम्ही पहिल्यांदा गाडीशी बोललात तो दिवस मला लख्ख आठवतो. घाटंजीचा बाजार आटोपून आपण परत येत होतो. सुनंदाला ताप होता म्हणून ती घरी, आणि बाकीच्या सवाऱ्या मध्येच उतरून गेलेल्या. पुढच्या सीटवर तुम्ही खिडकीला चिकटून बसलेल्या, पदर कपाळापर्यंत. चढाव लागला आणि टेंपरेचरचा काटा वर सरकू लागला. तुम्ही तो माझ्याआधी पाहिला. मला सांगायची चोरी, न सांगावं तर गाडी जाते. तुम्ही डॅशबोर्डवर हात ठेवलात आणि म्हणालात, "काय वं माय, काहून तापून राह्यली? सावलीत थांबनं थोडीशीक."

मी पळसाखाली जीप लावली. बॉनेट उघडून गाडीलाच म्हणालो, "बेल्ट ढिला झाला हिचा. दुसरं काही नाही."

"तं मंग घट्ट कर म्हणा वं," तुम्ही गाडीला म्हणालात.

त्या दिवसापासून आपल्याला तिसरं माणूस मिळालं. सुनंदा असली की सुनंदा, नसली की जीप. पुढं पुढं तर सुनंदा असली तरी तुम्ही जीपलाच पसंत करायच्या, कारण जीप निरोपात स्वतःचं काही घालत नसे. तुमच्या तोंडून गाडीसाठी इतके प्रेमाचे शब्द यायचे की कधी कधी वाटायचं, यातले दोन-चार माझे असतील. विचारायची सोय नव्हती.

आता हळदीचं बोलतो. ते बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

संगीताच्या हळदीच्या दिवशी ओसरीत बायकांची झुंबड होती. गाणी चालली होती, नवरीच्या गालाला, हाताला हळद लागत होती. तुम्ही तिची आई, आणि तुम्ही मागच्या दाराशी उभ्या होतात. विधवेनं हळद लावू नये. कोणी तुम्हाला हटकलं नाही, कारण तुम्ही कोणावर ती वेळच येऊ दिली नाही. स्वतःहून मागे झालात. मी वऱ्हाडासाठी जीप धूत होतो. रेडिएटरला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं, टपटप पाणी गळत होतं. तुम्ही उरलेल्या हळदीची वाटी घेऊन आलात, माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिलात आणि जीपला म्हणालात, "तुह्या गेलेल्या मालकानं मले शिकवलं होतं. गळती लागली का मूठभर हळद. ये, तुले तं लावू देतीन मले."

झाकण उघडून तुम्ही सगळी वाटी आत ओतली. गळती थांबली. सगळे जुने ड्रायव्हर हे करतात, हळद भोकात जाऊन बसते. पण ती जशी भोकात बसते तशी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि आपल्या बोअरचं पाणी तर असं खारं की नुसत्या उकळण्यानं भांड्याला पांढरा थर धरतो. क्षार आणि हळद मिळून गारा होणार, हे मला तिथंच कळलं. मी पुसायचा कपडा पिळत उभा राहिलो. तुमच्या बोटांना हळद लागली होती आणि तुम्ही ती लगेच धुतली नाही. त्या वेळी कोण बोललं असतं?

पुढं ते नेमच झालं. लांबचं भाडं असलं, लग्नाची वरात असली, की सकाळी तुम्ही रेडिएटरमध्ये चिमूटभर टाकायच्या, गळती असो नसो. मी सुनंदाला म्हणालो, "मायले सांग, हळद नको टाकू म्हणा. नळ्या बंद होते."

सुनंदा म्हणाली, "तुमीच सांगा. माह्या तोंडातून नाही निघत."

"मी कसा सांगू? माह्याशी त्या बोलतात का?"

"मंग राहू द्या," ती म्हणाली.

आणि राहू दिलं. इंजिन बिघडायची कारणं पुस्तकात पुष्कळ दिलेली असतात. सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत, हे कारण मी अजून कुठं वाचलेलं नाही.

उन्हाळ्यात जीप आजारी पडली. आधी मी माझ्या मनाचं समाधान होईल अशीच कारणं शोधली. बेल्ट बदलला, होसपाईप बदलला, वॉटर पंप खोलून पाहिला. काटा काही ऐकेना. मग पाणी कमी होऊ लागलं आणि खाली थेंब दिसेना. पाणी बाहेर जात नाही म्हणजे आत जातं, हे काही शिकवावं लागत नाही. एका सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं, तर भात रटरटावा तसे बुडबुडे. ऑइलची पट्टी काढली, ऑइल दुधाळ. मी पट्टी पुसून परत ठेवली आणि चहा प्यायला आलो. तुम्ही आतून म्हणालात, "सुनंदे, पाव्हण्याचं तोंड काहून उतरलं?" सुनंदानं विचारलं. मी म्हणालो, उन्हानं.

यवतमाळला हमीद मिस्त्रीच्या शेडमध्ये इंजिनाचं हेड उतरलं त्या दिवशी तुम्ही हट्टानं आल्या होत्या. मिस्त्रीनं तुम्हाला स्टूल दिलं. हेड उताणं करून त्यानं दोन वॉल्व्हच्या मधली चीर मला दाखवली, नखाला लागत होती. मग रेडिएटरचा वरचा डबा कापला आणि थांबला. आत पिवळा चिखल.

"भाऊ, ये क्या है? किसने डाला?"

मी म्हणालो, "आमच्याकडचं पाणीच तसं आहे."

"पानी पीला राहता क्या भाऊ, मले येडा समजते का?"

"मी टाकली," मी म्हणालो. "हळद. गळत होती."

आयटीआय शिकून हळद टाकतो म्हणून मिस्त्री मला काय काय बोलला ते जाऊ द्या. तो मनसोक्त बोलला. मी खाली पाहून ऐकून घेतलं. तुम्ही स्टुलावरून उठल्या, बॉनेट काढलेल्या त्या बोडक्या जीपजवळ गेल्या, आणि तिच्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाल्या, "खोटं नाई बोलू माय. पाप लागते."

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिला. "मावशी गाडी से बोल रही?" मी म्हणालो, हो, त्यांची बोलायची पद्धत आहे. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं मामी. इतक्या वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा रागावल्या होत्या.

मिस्त्रीनं दोन वाटा सांगितल्या. चीर वेल्डिंग करून, हेड फेसिंग मारून सपाट करून, जुनाच रेडिएटर साफ करून बसवायचा. गाडी हंगामभर चालेल, पुढचं तिचं नशीब. नाहीतर नवं हेड, नवा रेडिएटर, खालचं रिंग-पिस्टनचं कामही उरकून टाकायचं. मग पुढची कैक वर्षं बघायला नको. पण त्याला येणारा खर्च ऐकूनच मी तिसरी वाट काढली: आहे त्या स्थितीत जीप विकून टाकायची. मिस्त्री म्हणाला, उमरखेडकडचा एक जण घेईल, सुटे भाग काढायला.

आपलं सगळ्यात मोठं भांडण त्या दुपारी घरी परतल्यावर झालं. तुम्ही स्वयंपाकघरात, मी ओसरीत, सुनंदा मधल्या चौकटीत. मागच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. भाव चढेल या आशेवर तुम्ही तो धरून ठेवला होता. सगळ्या घराला त्याची खाज सुटली होती.

"पाव्हण्याले सांग, कापूस इकतो मी. नवं हेड टाका म्हणा."

"मायले सांग, आता कापूस इकणं म्हणजे मातीत घालणं आहे. थोडं थांबा म्हणा. जीप लोखंड आहे, जाऊ द्या."

"पाव्हण्याले सांग, कापूस काही चालत नाही. गाडी चालते."

"मायले सांग, ते वावर तुमचं, कापूस तुमचा. माह्या गाडीपायी..."

"माह्या गाडीपायी?" तुम्ही आतून म्हणालात. "सुनंदे, पाव्हण्याले विचार, गाडी कोणाची आहे म्हणते ते?"

सुनंदानं डोक्यावर हात मारला. "मी काय टेलिफोन आहो का? दोघायलेही कान आहेत, दोघायलेही तोंड आहे. बोला नं!" आणि ती विळा घेऊन सरळ वावरात निघून गेली.

मग घरात आपण दोघंच. जीप यवतमाळला मिस्त्रीच्या शेडमध्ये, सुनंदा वावरात. आपल्या दोघांत एक भिंत, आणि बोलायला मध्ये कोणीच नाही. तुमच्या बांगड्या नसलेल्या हातांचा आवाज तेवढा येत होता, भाकर थापण्याचा. मला सांगायचं होतं की मी कापसासाठी अडून बसलो नाही. तुमच्या शेवटच्या कापसावर मी चाललो, असं गावानं म्हणू नये म्हणून अडलो आहे. घरजावई हा शब्द मी हसण्यावारी नेतो, पण तो मला लागतो. मला हेही विचारायचं होतं की गाडी कोणाची आहे असं तुम्ही जे विचारलंत, त्याचं उत्तर तुमच्या मनात काय होतं? तुम्ही गाडी माझी म्हणत होतात, की माझ्या तोंडून "माझी" निघालं म्हणून रागावल्या होतात? हे मला आजही कळलेलं नाही. भाकर झाली, तुम्ही ताट चौकटीत ठेवून मागे सरलात, मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर दाराशी आला आणि कापूस गेला. पुढं भाव थोडा चढला. घरात त्याचा विषय कोणी काढला नाही, तुम्ही नाही आणि मी तर नाहीच. पण जीप अशी झाली की चढावाला काटा मधोमध उभा राहायचा. तुमचा निर्णय चुकला की माझा अंदाज, याचा हिशोब मी पुष्कळदा मांडून पाहिला. कापसाच्या बाजूनं मी बरोबर निघतो, गाडीच्या बाजूनं तुम्ही. निकाल लागत नाही. तुमच्याशी एकदा समोर बसून भांडता आलं असतं तर लागला असता, किंवा लागला नसता तरी चाललं असतं.

नवा रेडिएटर बसवून जीप घरी आणली तेव्हा तुम्ही हळदीची वाटी घेऊन अंगणात आलात आणि थबकलात. सुनंदाला म्हणालात, "पाव्हण्याले विचार, भायेरून लावली तं चालते का?"

मी म्हणालो, "चालते म्हणा."

तुम्ही रेडिएटरपुढच्या जाळीवर पाच बोटं ओढलीत. इंजिनाच्या धगीनं ती पुढं फिकी व्हायची, आणि दसऱ्याला तुम्ही नवी ओढायच्या. आतमध्ये पुन्हा कधी चिमूटभरही टाकली नाही. हळद नको हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मिस्त्रीच्या शेडमध्ये तुम्ही ते ऐकलं आणि पाळलंत.

आता त्या सकाळचं. कापूस वेचणी सुरू होती. वावरातून बायकांनी तुम्हाला धरून आणलं तेव्हा तुम्ही घामानं निथळत होतात आणि छातीवर हात होता. मागं आडवं करतो म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाहीत. पुढंच बसलात, आपल्या जागेवर. सुनंदा मागून तुमच्या खांद्याला धरून होती. मी जीप अशी हाणली की कधी हाणली नव्हती. चढाव आला. माझं लक्ष रस्त्यावर होतं. तुमचं लक्ष काट्यावर. पदर डोक्यावरून सरकून खांद्यावर आला होता आणि तुम्ही तो पुन्हा घेतला नव्हता. तुम्ही डॅशबोर्डवर हात ठेवला नाही, सुनंदाला हाक मारली नाही. मान वळवून सरळ माझ्या तोंडाकडं पाहिलंत.

"बापू," तुम्ही म्हणालात, "हळू घ्या. गाडी गरम होईन."

आणि मी, मामी, मी काय केलं? समोर पाहत म्हणालो, "सुनंदे, मायले सांग, नाही होत गरम."

तोंडाला जे वळण पडलं होतं त्यातूनच शब्द निघाले. तुम्ही सगळी रीत मोडून माझ्यापर्यंत आलात, आणि मी दाराआडून निरोप पाठवला. सुनंदानं तो निरोप दिलाच नाही. ती रडत होती. तुम्ही थोडा वेळ माझ्याकडं पाहिलंत, मग खिडकीकडं तोंड केलंत. दवाखान्यात स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते, आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. मला वाटत होतं, बऱ्या व्हाल, घरी याल, मग मी उत्तर देईन. मी उत्तराची तयारीही करून ठेवली होती, दवाखान्याच्या पायरीवर बसून. "मामी" म्हणायचं की "आई" म्हणायचं यावरच अडलो होतो.

तेरवीला सगळे म्हणाले, आता जीप काढून टाक, नव्या गाड्यांपुढं हिला कोण विचारतं. संगीताचा नवराही म्हणाला. सुनंदा नुसती माझ्याकडं पाहत राहिली. आता निरोप्याचं काम ती करणार नाही, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी म्हणालो, विचार करतो. पण विचार कसला करायचा! मिस्त्रीनं सांगितलं होतं, कैक वर्षं बघायला नको, आणि ती वर्षं अजून संपलेली नाहीत. कापूस गेला, तुम्ही गेलात. गाडी चालते.

आज सकाळी मी रिकामी जीप घेऊन त्या चढावापर्यंत जाऊन आलो. पळसाखाली थांबलो, उतरून बॉनेट उघडलं. जाळीवर दसऱ्याची तुमची बोटं अजून आहेत, फिकी, पण पाचही. रेडिएटरवर हात ठेवून पाहिला. काटाही पाहिला. त्या सकाळीसुद्धा मी तो पाहिला होता, तुम्ही खिडकीकडं तोंड केल्यावर, चढाव संपता संपता.

मामी, गाडी गरम नव्हती झाली.